दुवानच्या यंत्राचं गुपित

प्रिय दुवान,

अभिनंदनाचा मेसेज तुला सकाळीच पाठवलाय, पुढे लाल बदाम लावून. हे पत्र मात्र पाठवणार नाही.

कॉफीच्या बिया पुरत्या वाळल्या की शिट्टी मारणाऱ्या तुझ्या यंत्राचा पेटंटचा अर्ज काल दाखल झाला. लिहिला मी, खेटे घातले मी. तुझ्यासारख्या छोट्या कंपन्यांच्या कल्पना कुणी ढापू नयेत, हेच तर माझं काम. आणि गुपित फुटत होतं कुठे, तर आपल्याच स्वयंपाकघरात! रविवारी सान्कोचोचा रस्सा ढवळता ढवळता आई शेजारच्या रुबिएलाबाईंना यंत्राच्या पोटातली तार न् तार समजावत होती. मी गुप्ततेच्या करारावर दोघींच्या सह्या घेतल्या. "पोटची पोर आईकडून सही घेते!" म्हणून आई तणतणली, पण तुझ्यासाठी केली. मग अर्ज जाईपर्यंत चकार शब्द काढला नाही.

काल मीच म्हटलं, "आई, आता खुशाल बोल." तेव्हापासून मेडेयिनमधल्या आपल्या चढावरच्या अख्ख्या वस्तीत तुझाच डंका. रुबिएलाबाईंनी मध्येच मला विचारलं, "आणि तू काय करतेस गं?" मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "ती होय? असते कुठल्याशा हापिसात. तर काय सांगत होते, आमचा दुवान..."

तुझं गुपित राखायला आईची सही घ्यावी लागली. माझं ती इतकी वर्षं सहीशिवायच राखतेय.

तुझी थोरली,
योलिमा