हसरा फोटो

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

तू विचारलंस, मला मिळालेली ही फेलोशिप कुणाच्या स्मरणार्थ आहे. याच बालविभागातली नर्स होती, माझ्याच वयाची. मुलांचा ताप तिलाही लागला आणि त्यातच ती गेली. मी मास्क सोडत नाही, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

या आठवड्यात तीन खाटा रिकाम्या झाल्या. घरी एकच मूल गेलं.

रुजू होताना खुर्चीत बसवून आमचा फोटो काढतात, हसायलाच लावतात. तिचाही त्याच खुर्चीत काढलेला, आता वॉर्डच्या दाराशी टांगलाय. माझ्या फोटोची प्रत सोबत आहे.

तुझा गुडघा कसा आहे?

फोटो उशाशी ठेव, कपाटात ठेव. बाबांच्या तसबिरीशेजारचा खिळा रिकामा आहे, ठाऊक आहे मला. तिथे मात्र लावू नकोस.

तुझीच,
धाकटी