पायाशी पडलेल्या पुंगळ्या

काका, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. शस्त्रागारातलं तुमचं टेबल आता माझ्याकडे आहे. आज सकाळी मुरबाड रोडच्या फायरिंग रेंजवर एका रायफलमधून झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या लांब न उडता शिपायाच्या पायाशीच पडायला लागल्या, तेव्हा मी नव्या पोरींना तुमच्याच पद्धतीने शिकवलं. आधी रायफल रिकामी करा. मग जमीन बघा, पुंगळी कुठे पडली ते बघा. मग चेंबर, मग पुंगळी ओढणारा आकडा, त्याची स्प्रिंग, आणि मग गॅस. शिकवता शिकवता तुमच्या शेवटच्या फायरिंगची गोष्टही सांगितली. ती मी दर वर्षी सांगते.

तुमच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. आदल्या दिवशी दोन पुंगळ्या हरवल्या होत्या. जेवढ्या गोळ्या झाडल्या तेवढ्या पुंगळ्या परत, हा नियम. म्हणून आम्ही सगळे रेंजशेजारच्या कापलेल्या भातखाचरात संध्याकाळपर्यंत ओणवे. धसकटांनी माझे गुडघे सोलून निघाले. शस्त्रागारात येऊन मला जेमतेम सहा महिने झालेले, पण अक्कल मात्र उतू चालली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारूगोळा आणायला गेलात तेवढ्यात मी पाच नंबरच्या रायफलचा गॅस रेग्युलेटर सैल केला. गोळी सुटताना होणारा गॅस वाया गेला की झटका कमी बसणार, पुंगळ्या शेजारी अंथरलेल्या गोणपाटावरच पडणार, शोधाशोध नको. जमलं तर सगळ्याच रायफलींना असं करायचा माझा बेत होता.

पहिल्या चार बरोब्बर गोणपाटावर पडल्या. मी मनात खूश. पाचवी बाहेर पडायच्या खिडकीतच आडवी अडकली, आणि मोठे साहेब नेमके मागे उभे. तुम्ही रायफल रिकामी करून गुडघ्यावर बसता. चेंबर पुसता, करंगळीच्या नखाने आकडा चाचपता, स्प्रिंग दाबून बघता. सगळं चोख. मग तुमचं बोट रेग्युलेटरवर येऊन थांबतं आणि तुम्ही वर बघता, माझ्याकडे.

"कोनी हात लावला व्हता का गो याला?"

"नाय काका."

तुम्ही रेग्युलेटर दोन घरं आवळला, एक गोळी झाडली, पुंगळी बांध ओलांडून थेट खाचरात गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हवालदार, तीस वर्षं हेच केलंत?" तुम्ही सावधान उभे राहून म्हणालात, "माझी सेटिंग चुकली, सर." तीस वर्षांत कागदावर पहिला शेरा बसला, तोही असा जाता जाता. मी शेजारी गोणपाट धरून उभी होते. मला लाज वाटत होती, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

निवृत्तीच्या दिवशी चहा झाल्यावर तुम्ही रेग्युलेटर फिरवायची तुमची स्वतःची चावी माझ्या हातात ठेवलीत. "आता फिरवशील तं इचारून फिरव," म्हणालात आणि हसलात. मी निर्लज्जासारखं विचारलं, "काय फिरवू, काका?" तुम्ही माझी मूठ चावीवर मिटलीत. तुम्ही वारल्यावर मी खर्डीला तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा काकू म्हणाल्या, "त्यांना तो शेरा लय लागला व्हता गो. जेवता जेवता मधीच थांबायचे." मी मान हलवत राहिले.

आज गोष्ट संपल्यावर एका पोरीने विचारलं, "मॅडम, पण कुणी सैल केला होता?" मी म्हटलं, "होतं कुणीतरी." दर वर्षी हेच म्हणते.

हा कागद काकूंना नेऊन द्यायचा असं ठरवून लिहायला बसले होते. नाही देणार. काकू अजून दर दिवाळीला मला करंज्यांचा डबा पाठवतात, आणि तो बंद होईल याची मला भीती वाटते.