मफलरचा हातमोजा

रविवार, ४ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस पत्र टाळलं. आधी पेन सापडेना, मग कागद. खरं म्हणजे धीर. या खेपेला माझ्या वेडेपणाने दादाच्या बाळाला दुखवलंय.

दादा जहाजावर, वहिनी तापाने इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, म्हणून बाळापाशी मी. (इथला लिफ्टवाला पूर्वी सर्कशीत होता, पण ते राहू दे.) सलाईन लावलेला एवढासा हात गार लागला. मी मफलरचं टोक कापून हातमोजा शिवला नि चढवला. जन्मात एक काम पुरं केलं, तेही हे! तासाच्या फेरीला सिस्टरने मोजा काढला तर हात टम्म. सुई काढून पायाला नवी टोचली. म्हणाली, हा हात झाकतात का कधी? वर जाऊन सांगितलं, तर वहिनीने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेच जास्त लागलं.

हात बरा होईल ना? की पळू इथून? आप्पांना कळवू नकोस. मी शाळा सोडल्यापासून ते माझं तोंड बघत नाहीत.

उरलासुरला लोभ जपून ठेव.

तुझा,
भिरभिऱ्या

मंगळवार, ६ तारीख

चि. भिरभिऱ्यास अनेक आशीर्वाद.

गाढवा, पळायचं नाही. लवकर लक्षात आलं, सूज उतरेल. तान्ह्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून लागले तेव्हा मीही पट्टी इतकी सुबक गुंडाळली होती की खालची सूज दिसेना.

सुई शिरेतून सरकली की सलाईन कातडीखाली साठतं. म्हणून जागा उघडी ठेव, दोन्ही पाय शेजारी धरून बघ. एक जाड, गार, ताठ वाटला की सिस्टरला हाक मार. स्वतः काही ओढू नकोस. आधी हात धू, कोपरापर्यंत.

आप्पांना कळवावंच लागलं.

माया आहेच, तू हात धुतलेस की वाढेल.

तुझी ताई

गुरुवार, ८ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हाताची सूज उतरली! मी आता दर तासाला दोन पाय न्याहाळतो. इतकं लक्ष गणितात दिलं असतं तर आज मास्तर असतो. काल डावा घोटा जरासा जाड वाटला. मी असा ओरडलो की सिस्टर धावत आली. सुई खरंच सरकली होती. वेळेवर हाक मारलीत, म्हणाली. वहिनी ताप उतरून खाली आली, तर तिने सिस्टरला सांगितलं की उद्याही भाऊजीच बसतील. मी उगाच खिडकीबाहेर बघत…

ताई, काचेच्या दारात आप्पा! थेट बाळाकडे निघालेत, प्रवासाच्या हातांनी. आता आडवं जाऊन त्यांना हात धुवायला सांगायचंय. मी! तेही कोपरापर्यंत.

उठतो. लोभ असू दे, आज लागेल.

भिरभिऱ्या