उभी चिठ्ठी

शरणपूर, नाशिक
शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय सरू,

प्रभूमध्ये सलाम. अमोललाही सलाम सांग, तुझ्या दिशाला माझ्याकडून एक पापा. आईचे गुडघे थंडीनं धरलेत, बाकी ती बरी आहे. दोनदा विचारून झालं, "सरिताचा फोन नाही आला?" मी म्हटलं, शाळेत स्नेहसंमेलन आहे. आहे का गं, मला माहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. जीपवाला मंगळू सुरगाण्याची माणसं घेऊन आलाय, जाताना तुझ्या आश्रमशाळेत तुझ्या हातात देतो म्हणाला. तो चहा पितोय तोवर लिहून व्हायला हवं. तू कशी दिसतेस म्हणून त्याला विचारलं. "बाई बऱ्या हायेत," म्हणाला, "पण आमची पोरगी सांगत व्हती, बाई आताशा फळ्याच्या खालच्या अंगालाच लिवतात."

सरू, तुझा हात वर जात नाही ना?

सोमवारी फोनवर भांडलो, त्यातलं एकेक वाक्य मला पाठ आहे. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन बुधवारी ठरलेलं. कर्करोग आहे असा रिपोर्ट हातात, आणि तू परस्पर दवाखान्याला कळवलंस की येत नाही. वर मला म्हणालीस, "ताई, चर्चमध्ये चिठ्ठीत निघालेलं माझं वर्षाचं वचन माझ्याजवळ आहे. त्यात देव म्हणतो, मी तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, मी तुला बरं करतो. यात ऑपरेशन कुठं लिहिलंय ते दाखव. वचन मिळालं की शंका घ्यायची नाही, हे मंडळीतल्या बायकांना तूच शिकवतेस ना?" आणि मग म्हणालीस, "अमोलची चिठ्ठी निळ्या शाईत, दिशाची निळ्या शाईत. माझी एकटीचीच हिरव्या. ही खूण नाही तर काय?"

मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं, मी रागावले.

बाबा आठवतात? रात्रीच्या जेवणाआधी बायबलचा अख्खा अध्याय वाचायला लावायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. कोण बोलतंय? कोणाशी? पुढं काय झालं? तू सहा वर्षांची असशील, म्हणालीस, "पुढं कालवण थंड झालं." हसता हसता बाबांना ठसका लागला होता.

त्या बाबांची मी मुलगी. आणि बारा वर्षं मी काय केलं, तर दर डिसेंबरला बायबल उघडून गोड गोड ओळी वेचल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या, कापल्या, बिस्किटांच्या डब्यात भरल्या. वर मखमल लावली आणि डब्याला वचनपेटी म्हटलं. नव्या वर्षाच्या सकाळी चर्चच्या दारात डबा धरून मीच उभी राहते, लोक डोळे मिटून एकेक चिठ्ठी काढतात आणि वर्षभर उशीखाली ठेवतात. विलापाची, वाट बघायला लावणारी एकही ओळ मी कधी लिहिली नाही. कोण बोलतंय, कोणाशी, ते सगळं कात्रीनं गेलं.

तुझ्या ओळीचा पत्ता देते. राजांचं दुसरं पुस्तक, विसावा अध्याय. हिज्कीया राजा मरणाच्या अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून रडतोय. देव संदेष्ट्याच्या तोंडून त्याला, त्या एकट्या माणसाला, हे सांगतो. ही पाचवी ओळ. मी तिथं कापलं. सातवीत संदेष्टा म्हणतो, अंजिरं आणा. त्याचा लेप गळवावर बांधतात आणि मग राजा बरा होतो. देवानं स्वतः शब्द दिला होता, तरी अंजिरं मागवली गेली. राजानं लेप झिडकारला नाही.

ऑपरेशननं तू बरी होशीलच, असंही तिथं लिहिलेलं नाही. तो शब्द राजाला होता. आपण एवढंच घेऊ शकतो की रडणारं माणूस देवाला दिसतं आणि औषधाचं त्याला वावडं नाही. हे मी तुला फोनवरही सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण त्यानंतर दुसरं सांगावं लागलं असतं.

एकतीस तारखेला तुझा रिपोर्ट आला. तू इथं स्वयंपाकघरात येऊन भाकरी थापत राहिलीस. नव्या वर्षाच्या सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी बायबल घेऊन बसले. माझं निळं पेन सापडेना, म्हणून दिशाच्या कंपासमधलं हिरवं घेतलं आणि ही ओळ लिहिली. डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या आडव्या होत्या. चर्चच्या दारात ही एक मी कडेला, माझ्या अंगठ्याखाली उभी धरली. तुझी पाळी आली, तू डोळे मिटलेस, आणि मी डबा थोडा कलता केला.

ती खास तुझ्यासाठीच होती, हे खरं. पण ठेवणारी मी होते.

तू वर्षभर तरी घाबरू नयेस, एवढंच मनात होतं. आता भीती मला आहे. हे वाचून तू देवालाच सोडशील याची. हे वाचूनही चिठ्ठी सोडणार नाहीस, याची जास्त. चर्चच्या पाळकसाहेबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

मी डॉक्टरांना भेटून आले. गुरुवारची, सोळाची तारीख दिलीय. "याच्यापुढं ढकलू नका," एवढंच म्हणाले.

मंगळू हॉर्न वाजवतोय. चिठ्ठी फाडायची तर फाड, पण तो अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच, दिशाला शेजारी बसवून. बुधवारी दुपारी मी पेठ नाक्यावर उभी असेन. काय बोलायचं ते तिथं भर रस्त्यात बोल, मी ऐकून घेईन. कपड्यांची पिशवी तेवढी घेऊन ये.

तुझा हात धरून डब्यात घालणारी,
तुझी ताई