पहाटेचा खोटा काटा

१० डिसेंबर १९७५
काटा खोटं बोलतो! मी नाही!
पेट्रोलचा काटा म्हणत होता टाकी अर्ध्याहून वर — आणि गाडी आकुर्डीच्या अलीकडे ठप्प. टाकी ठणठणीत कोरडी. धुकं असं, की समोरचं झाड दिसेना. मागं कस्तुरा आणि तिच्या तिघी सोबतिणी, भोसरीच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला निघालेल्या. बिचाऱ्या चालत गेल्या. गेट बंद. आल्या पावली परत.

घरी मोठे भाऊजी वाटच बघत होते. गाडी दोघा भावांची, पण हुकूम साहेबरावांचा. माझ्याशी बोलत नाहीत, ह्यांना सांगतात — "भीमा, बायकोला सांग. काटा वाचता येत नसेल तर स्टिअरिंगला हात लावू नये."
हे रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले.
लायसन काय मी पोळपाटावर लाटून आणलंय?

११ डिसेंबर
भाऊजी दुपारी निगडीला जाऊन आले. काटे अगदी शहाण्यासारखे! "माझ्या हातात बरी चालते." म्हणजे माझ्या हाताला विटाळ आहे की काय? तो तर आपण कधीच सोडला ना?

१३ डिसेंबर
टाकीत आता रोज काठी बुडवून बघते. पण आज दुसराच खेळ. उष्णतेचा काटा थेट लाल रेघेवर! थांबले, बॉनेट उघडलं, रेडिएटरला हात लावला — गारेगार. कस्तुरा म्हणाली, "सुमनताई, थंडीनं आपले दात वाजत्यात, आन् हिला ताप चढलाय व्हय!" हसत हसत पोचलो. वेळेत पोचलो!

तरी कुणीतरी चुगली केलीच — बाई भर रस्त्यात बॉनेट उघडून उभी होती म्हणे. भाऊजींचा निकाल: पुढच्या रविवारपर्यंत काटे सुधारले नाहीत तर माझं गाडी चालवणं बंद. आणि त्या चौघी? त्या वेळेला देहूरोडहून दुसरं काही मिळत नाही. कस्तुराच्या घरात कमावणारी ती एकटी.
नाही सोडणार. बघूच.

१५ डिसेंबर
पिंपरीला गॅरेजवाल्या कोंडाजींना विचारलं. "थंडीनं तारा आखडतात, ताई."
ह्यांना विचारलं. कंपनीत वायरमन आहेत, त्यांना नाही विचारायचं तर कुणाला? "जुनी गाडी, त्यात थंडी. चालायचंच. सोडून दे ना तू."
सोडून देऊ? का म्हणून!

१६ डिसेंबर
रात्रभर बॉनेटवर घरातली जाड गोधडी टाकून ठेवली. शेजारणी हसल्या. हसोत. पहाटे काटे तस्सेच. मी कुडकुडले ते वेगळंच.

१८ डिसेंबर
थंडीचा काही संबंधच नाही!!
भर दुपारी गाडी उन्हात लावली. पत्रा तापलेला. इंजिन चालू करून एकेक बटण दाबत गेले. हॉर्न — काटे जागच्या जागी. वायपर — जागच्या जागी. दिवे लावले, आणि दोन्ही काटे टुणकन वर! बंद केले — खाली. पुन्हा लावले — वर! एकटीच ओरडले, "सापडला रे चोर!"

अंधारात, धुक्यात दिवे लावून जाते ती मी. भाऊजी गाडी काढतात टळटळीत उन्हात. त्यांना कसा दिसणार बिघाड? आणि नाव माझं खराब!

डॅशबोर्डच्या मागं हात घातला. काट्यांची एक काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. तिचा स्क्रू सैल, वर गंजाचा थर; म्हणून दिव्यांची वीज वाट चुकून काट्यांत शिरते. मुद्दाम तशीच ठेवलीय. रविवारी भाऊजींच्या डोळ्यांदेखत आवळणार.

२१ डिसेंबर, रविवार
दाखवलं! भाऊजींना माझ्या जागेवर बसवलं. म्हटलं, लावा दिवे. काटे उडाले. म्हटलं, बंद करा. पडले. पुन्हा पुन्हा करून बघितलं त्यांनी. मग मी पॉलिश कागदानं गंज घासला, स्क्रू आवळला. आता दिवे लावले तरी काटे ढिम्म.

भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले — "उद्या किती वाजता निघणार?"
"सहाला."
"टाकी मी भरून आणतो."
आता मला कुणी अडवून दाखवावं!

२२ डिसेंबर
चौघींना गेटवर सोडून परत आले तर हे चहा करत होते. कप हातात दिला आणि खाली बघून म्हणाले, "तार सैल आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाटलं, कंटाळून सोडशील."
चहा तसाच ठेवला. उद्या सहाला निघणार आहेच मी. पण इतके दिवस मी भांडत होते ते भाऊजींशी!