उत्तरेच्या कड्याआड

प्रिय आवेलिनो,

आईने पाठवलेले बटाट्याचे मिल्काओ पोचले. सान्तियागोच्या या ऑफिसातल्या लोकांनी त्यांच्यावर असा हात मारला की माझ्या वाट्याला एकच आला. खुशाली संपली. आता नीट वाच, नेहमीसारखं अर्ध्यात पत्र खिशात कोंबू नकोस.

माझं काम काय, असं तू दर नाताळात विचारतोस आणि मी सांगायला लागले की जांभया देतोस. ऐक. तुम्हा कोळ्यांच्या होड्यांवर जो उपग्रहाचा फोन बसवायचाय, तो वादळात चालेल का, हे मी आधी संगणकात बघते. तिथे खोटा समुद्र, खोट्या होड्या, खोटं वादळ. होडीतून हाक मारायची आणि ती वर पोचते का ते बघायचं. सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, या होड्या भर वादळात मोकळ्या पाण्यात ढिम्म उभ्या! असा वेडा आपल्याकडे कोण आहे? उत्तरेचा वारा सुटला की आपण सगळे बेटाच्या दक्षिणेला, उंच कड्याच्या कुशीत शिरतो. बाबांनी दोघांनाही तेच शिकवलं. आणि हा उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या आकाशात असतो उत्तरेलाच. म्हणजे मधे आला कडा.

मी संगणकात कडे घातले, होड्या त्यांच्याआड नेल्या. हाका पटापट तुटल्या.

फाउस्तीनो साहेबांना दाखवलं. म्हणाले, "अगं नेल्दा, पण या होड्या तिथे जातातच कशाला? मोकळ्यावर थांबायला सांगू की त्यांना!" मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच या एकदा त्या वाऱ्यात. मोकळ्यावर थांबून दाखवा, ओकायला बादली मी आणते." हसले. मग दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कडे काढ आणि अहवालावर सही कर. मंत्र्यांनी फोन बसवायची तारीख दिलीय."

नाही केली मी सही, आणि करणारही नाही. अहवालात कडे आहेत तसेच ठेवलेत, खाली माझं नाव ठसठशीत लिहिलंय. उद्या हाकललं तर हाकलू देत, जाळी विणणं मी अजून विसरलेले नाही. त्यांची मला काडीची भीती वाटत नाही. भीती वाटते ती तुझ्यासाठी.

कारण आज कळलं, दुसरा अहवाल तयार झालाय, बिनकड्यांचा, दुसऱ्याच कुणाच्या सहीचा. शनिवारी पहिला फोन तुझ्याच होडीवर बसणार आहे आणि बसवणारी माणसं जुना रेडिओ काढून नेणार आहेत. तू फोन घे, टाळ्या घे, मंत्र्यांशेजारी दात काढून फोटोला उभा राहा. पण रेडिओला कुणाला हात लावू देऊ नकोस! कड्याआडून शेजारच्या होडीला ऐकू जातं ते त्याच्याच खरखरीतून, आणि ती होडी निरोप आईपर्यंत पोचवते. भांडायला आले तर केबिनच्या दारात आडवा हो आणि सांग, हा फोन ज्या बाईने तपासला तिनेच सांगितलंय. माझं नाव घे, मोठ्याने घे.

तुझीच हट्टी ताई,
नेल्दा