तांबड्यानं उमरग्याची अख्खी कॉलनी कोंडली त्याबद्दल

उमरगा, सोमवार, पहिला चहा झाल्यावर

तीर्थरूप बब्रुवानमामा यांना सिदूचा वाकून नमस्कार, सितामामीला त्याहून थोडं जास्त वाकून. मामीचा गुडघा माळाचा चढ चढू देतो का? त्या लंगड्या मेंढीला जुळी झाली का एकच? इकडं मी ठीक आहे आणि तुमचं कुत्रं तांबड्या माझ्यापेक्षा ठीक आहे. तुम्ही माझा फोन उचलत न्हाय, त्याबद्दल माझी काही तक्रार न्हाय, तुमच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून पत्र लिहून दुधाच्या टेम्पोवाल्या दिग्विजयजवळ देतोय. तो लोहाऱ्याकडं येतो, तुमच्या माळावरून जाताना देईल. तुमची समृद्धी वाचून दाखवील. (समे, कंसातलं मोठ्यानं वाचायचं न्हाय, ते तुझ्यापुरतं. मामा मधीच उठायला लागले तर पुढ्यात चहा ठेव.)

मुद्द्याचं आधी लिहितो. तुम्ही सांगितलं होतं, तांबड्याच्या पायातला काटा काढून बुधवारपर्यंत आणून सोड, कारण लांडग्यानं दोन कोकरं नेलीत आणि ह्या आठवड्यातल्या गुरुवारी तळ हलवायचाय. तो बुधवार जाऊन आज सोमवार आला. मला सगळं ठाऊक आहे. तुम्ही रोज मेंढरांच्या वाघरीच्या जाळीबाहेर स्वतः घोंगडं टाकून पडत असाल हेही ठाऊक आहे. पण जे झालं ते ऐकलं तर तुम्हीही म्हणाल की सिद्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यालाही उशीरच झाला असता.

मागच्या सोमवारी आम्ही वेळेत निघालो होतो. हायवेला एक तेलंगणाचा ट्रकवाला भेटला, त्यानं तांबड्याला केबिनमधी पुढं बसवलं आणि मला मागं कांद्यावर. वाटेत त्यानं डबा सोडला, त्यात गोंगुऱ्याचं लोणचं होतं. मामा, अंबाडीचं असतं ते, पण त्यांच्याकडं त्याची चव अशी काही होते की मी त्याला कृती विचारत बसलो आणि उमरगा मागं राहून आम्ही पार पुढच्या टोलनाक्याला उतरलो. (कृती लिहून घेतलीय, समे. मामीला दे.) तिथून परत यायला दुपार झाली. जनावरांच्या डॉक्टर शिवांजली मॅडम दवाखाना बंद करतच होत्या. पण तांबड्याकडं बघून त्यांनी कुलूप परत काढलं. मामा, बाई अशी हुशार की त्याला बांधा म्हणाल्या न्हाईत, तोंडाला फडकं न्हाय, काही न्हाय. जमिनीवर मांडी घातली, हात पुढं केला, आणि आपला तांबड्या, ज्यानं पोलीस पाटलाची चप्पल तीन दिवस परत दिली न्हवती, त्यानं गुमान पाय त्यांच्या हातात दिला. बाभळीचा काटा निघाला, बोटाच्या पेरापेक्षा मोठा. पट्टी बांधून त्या म्हणाल्या, "चार दिवस याला रानात चालवायचं नाही. राहायला कुठं आहात?"

राहायला मी कुठंच न्हवतो. तेव्हा आठवला कुमार, आपल्या हरणाबाईचा पोरगा. तो बायपासला एका नव्या कॉलनीत राखणदार आहे आणि मॅडमही त्याच कॉलनीत राहतात. चाळीसेक घरं, चारी बाजूंनी तुरीचं रान, आणि मधी एक गोष्ट अशी आहे की तुम्ही ती बघायला पाहिजे. कॉलनीतल्या लोकांनी एक अख्खा रिकामा प्लॉट कुत्र्यांना दिलाय. फाटकावर पाटी आहे, "श्वान क्रीडांगण. येथे पट्टा सोडावा." पाटी शंभुलिंग गुरुजींनी लिहिलीय, ते रिटायर हेडमास्तर आणि कॉलनीचे चेअरमन. दिवसभर हे लोक कुत्र्याला पट्ट्यानं धरतात आणि संध्याकाळी तासभर इथं आणून मोकळं सोडतात. मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. आपल्याकडं मेंढरं जाळीत आणि कुत्रं बाहेर, इथं कुत्री जाळीत आणि माणसंही त्यांच्यासोबत जाळीत. पण दोन दिवसांत माझं हसू गेलं. पाण्याची दगडी डोणी आहे, ती रोज घासतात. प्रत्येक कुत्र्याचा वाढदिवस कुणाला ना कुणाला पाठ आहे (तुझा मला न्हाय, समे, तुझं बरोबर आहे). एक आंधळी म्हातारी कुत्री येते, तिच्यासाठी बाकीची कुत्री वाट सोडतात, हे तर मी माणसांतही फार बघितलं न्हाय. आणि फाटक दुहेरी आहे. एक दार उघडून मधल्या खणात जायचं, ते लावायचं, मगच दुसरं उघडायचं. मामा, आपल्या वाघरीला असं दुसरं दार असतं तर ती दोन कोकरं वाचली असती. नकाशा पाठीमागच्या पानावर काढलाय.

आता झालं ते लिहितो. मंगळवारी संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, याला मैदानात आणा, नुसता बसू द्या, करमेल. मी नेला. आत अकरा कुत्री आणि नऊ माणसं होती. तांबड्यानं जाळी बघितली, आतली गर्दी बघितली, सूर्य कुठं आलाय तेही बघितलं, आणि आत जायला साफ नकार दिला. फाटकाबाहेर आडवा बसला. मी म्हटलं बसूदे, पाय दुखत असेल. माझं चुकलं तिथंच. आपल्या घरात जन्मून मला कळायला पाहिजे होतं की दिवेलागणीला जाळी आणि जाळीत जीव दिसले की तो कामावर लागतो. आणि आत एक पांढरं कुरळ्या केसांचं कुत्रं होतं, लोणी नावाचं, ते तर मलाही लांबून कोकरूच वाटलं होतं.

साडेसहाला लोक निघाले. तांबड्या उठून उभा राहिला. भुंकला न्हाय, दात दाखवले न्हाईत, नुसता बघत राहिला, तुम्ही माझ्याकडं बघता तसा. पहिलं दार उघडून मधल्या खणापर्यंत माणसं यायची आणि त्याची नजर पडली की मागं फिरायची. गुरुजी पुढं आले. म्हणाले, "सरका सगळे. तीस वर्षं पोरं वळवलीत मी, हे काय आहे." खणात गेले, तांबड्याला उद्देशून चांगली दोन मिनिटं बोलले, आणि परत आत येऊन बाकड्यावर बसले. कुणीतरी विचारलं, "काय म्हणाला, सर?" गुरुजी म्हणाले, "त्याचं म्हणणं रास्त आहे. बाहेर अंधार पडायलाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुम्ही पहाटे वाघर उघडताना काहीतरी आवाज करता आणि तांबड्या बाजूला होतो, एवढं मला ठाऊक. पण तो आवाज कसला, ते मला ठाऊक न्हाय, कारण त्या वेळेला मी आयुष्यात कधी जागा न्हवतो. मी चार-पाच तऱ्हा करून बघितल्या. एकदा शिट्टी, एकदा जीभ टाळूला लावून, एकदा तुमचा खोकला. खोकल्याला त्यानं कान हलवला, तेवढंच. एक वकीलकाका आतून म्हणाले, "अरे पण कुत्रं तुझंच आहे ना?" मी म्हटलं, "मामाचं आहे." ते म्हणाले, "मग तू कोण?" मामा, मी तेवीस वर्षांचा झालो, वीटभट्टीवर राहिलो, तुळजापूरला लॉजवर राहिलो, परंड्याला फटाक्याचं दुकान धरलं आणि सोडलं, पण असा सरळ सवाल मला कुणी केला न्हवता. (हे मोठ्यानं वाचलंस तरी चालेल.)

साडेसातला शिवांजली मॅडम दवाखान्यातून आल्या. बाहेरून सगळं बघितलं, हसल्या न्हाईत, तांबड्यासमोर मांडी घातली आणि हात पुढं केला. त्यानं पाय दिला. पाय बाईच्या हातात असला की तो हलत न्हाय, मान वळवून नुसतं बघतो. तेवढ्यात लोक एकेक करून निघून गेले. पण खरी गंमत पुढं आहे. त्या तासाभरात आत शेंगा फुटल्या होत्या. वकीलकाका आणि त्यांच्या शेजारच्या दैवशालाताई, गाडी कुठं लावायची यावरून ज्यांचं दोन वर्षं बोलणं न्हवतं, त्यांनी एकाच पिशवीतल्या शेंगा खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज याला खोलीतच ठेवतो. तर गुरुजी स्वतः कुमारच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "ठेवू नका. लोक शेंगा घेऊन आलेत." तेव्हापासून रोज तसंच चालू आहे. साडेसहाला तांबड्या कोंडतो, साडेसातला मॅडम पाय बघतात, कॉलनी सुटते.

शनिवारी मात्र गंमत न्हवती. कुणाचातरी पाहुणा दोन्ही दारं उघडी टाकून आत गेला. तांबड्या तेव्हा पाणी प्यायला गेला होता. लोणी बाहेर पडलं आणि सरळ बायपासकडं पळालं. एकामागं एक ट्रक चालले होते. लोणी दैवशालाताईंचं होतं. मी पळालो, कुमार पळाला, गुरुजीही पळाले, पण तांबड्या त्या दुखऱ्या पायानं आमच्या मधून निघून गेला. रस्त्याच्या कडेला त्यानं लोणीला खांदा लावला, कोकराला लावतो तसा. चावला न्हाय की धरलं न्हाय, नुसतं वळवलं. ट्रकचा वारा दोघांच्या केसांतून गेला. मग त्याला चालवत चालवत फाटकातून आत घातलं आणि स्वतः दारात आडवा पडला. मामा, तुम्ही ह्या कुत्र्याबद्दल जे जे बोलायचा ते मी आजवर म्हातारपणाच्या गप्पा म्हणून ऐकत होतो. माफी करा. दैवशालाताई त्याच्याशेजारी मातीत बसून राहिल्या, त्यानं त्यांच्याकडं बघितलंही न्हाय, त्याचं लक्ष बाकीच्या दहांवर होतं.

काल रविवारी कॉलनीची मीटिंग झाली. ठराव असा की तांबड्यानं मैदानाची राखण करावी आणि त्याच्या हाताखाली मला ठेवावं. खोली, जेवण, आणि पाटीच्या खाली दोघांची नावं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी राहा म्हटलंय, तेही कुत्र्याच्या मागून का होईना. म्हणून मामा, विनंती अशी की तांबड्याला दिवाळीपर्यंत इथं राहू द्यावं. तुम्ही शेजारच्या धुरपदाबाईंचा काळा कुत्रा तेवढ्यापुरता मागून घ्यावा. तो भुंकतो चांगला. पाय पूर्ण बरा व्हायलाही वेळ लागेलच.

मोठ्यांना नमस्कार, कोकरांना आशीर्वाद.

आपला भाचा,
सिदू

ता.क. पाय गुरुवारीच बरा झाला. मॅडमनी पट्टी त्याच दिवशी सोडली. रोज साडेसातला त्या नुसता हातात धरतात. शनिवारी तो दुखऱ्या पायानं पळाला असं वर लिहिलंय, ते खोटं आहे, चार चांगल्या पायांनी पळाला. खोडून टाकणार होतो, पण मग पान घाण दिसतं.

ता.क. दुसरा. हे लिहून पाकीट शोधत होतो तेवढ्यात तुरीच्या पलीकडून कर्नाटकाकडचा एक मेंढ्यांचा कळप चालला. तांबड्या फाटक सोडून उठला. पाणी आणि लोणी सोडलं तर आठवड्यात पहिल्यांदा त्यानं ती जागा सोडली. रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, धुरळा खाली बसेपर्यंत. मग माझ्याकडं आला आणि समोर बसला. मी बराच वेळ इकडं तिकडं बघितलं, कुमारशी बोललो, अजून एक चहा घेतला. तो बसूनच होता. तेव्हा मामा, दिवाळीपर्यंतचं जे वर लिहिलंय ते रद्द समजा. दिग्विजयला सांगून त्याला टेम्पोत पुढं बसवलंय. पत्र आणि कुत्रं एकदमच पोचेल. दैवशालाताईंनी वाटेसाठी शेंगा दिल्यात, त्या दिग्विजयनं खाल्ल्या असतील. धुरपदाबाईंच्या कुत्र्याचं काही बोलू नका, तो भुंकतो तेवढंच.

ता.क. तिसरा, आणि हे नीट वाच समे. गुरुजींना मी सांगितलं की कुत्रं गेलं, आता माझंही काम गेलं. ते म्हणाले, "फाटक आहे तिथंच आहे. पण तुला एकट्याला ठेवायचं तर तुझ्या घरच्या मोठ्या माणसाला विचारलं पाहिजे." तेव्हा मामा, आज दुपारी तुम्हाला उमरग्याहून एक फोन येईल. नंबर माझा नसल्यामुळं तुम्ही उचलाल. ते विचारतील, सिदू कसा पोरगा आहे, सांगितलेलं काम करतो का. माझ्यासाठी खोटं बोला असं मी म्हणत न्हाय. फक्त उत्तर द्यायच्या आधी वाघरीकडं एकदा बघा, दारात कोण बसलाय.